नकली अक्कल

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो मुंबईहून जीपमधून, गादीत गुंडाळून. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नाशिकला गंगापूर रोडवर एका ट्रस्टच्या बंगल्यात आमचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणायचं एवढंच, तीन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं रक्त तपासायची छोटी लॅब. त्यातली सगळ्यात कोरडी खोली कॉम्प्युटरला द्यायचं ठरलं. त्या खोलीत माझी पाच लोखंडी कपाटं होती, त्यांत दहा वर्षांचे केसपेपर. कपाटं व्हरांड्यात आली, त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद टाकला गेला आणि खोलीला एअर कंडिशनर बसला. लशी ठेवायचा आमचा फ्रिज दर उन्हाळ्यात बंद पडायचा, त्याला स्टॅबिलायझर मागून मागून मी थकले होते. यंत्राला मात्र आठ दिवसांत गारवा मिळाला. त्याच दिवशी मी त्याच्या विरोधात गेले. मोठमोठे मुद्दे मी नंतर शोधले. सुरुवात कपाटांपासून झाली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी तिथं सत्तरच्या दशकात लागले. नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आम्ही बौद्ध, कॉलनीत राहायचो, वडील छापखान्यात कामगार होते. त्याआधी दोन ठिकाणी मुलाखतीला गेले होते. दोन्हीकडे आडनाव ऐकल्यावर "म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?" असा प्रश्न आला होता आणि नंतर काहीच आलं नव्हतं. आमच्या सरांनी तो प्रश्न विचारला नाही. सर तापाचे डॉक्टर, वय पन्नाशीचं, चांगली चालणारी प्रॅक्टिस कमी करून संशोधनात पडलेले. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "डोंगर चढता येतो का?"

"येतो."

"मग सोमवारी पेठच्या गाडीला या."

सरांचा विषय होता लांबलेला ताप. हिवताप, विषमज्वर आणि लहान मुलांचा क्षय, सुरुवातीला तिन्ही सारखेच दिसतात. पेठच्या पलीकडं डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर ना लॅब, ना एक्स-रे. तिथं नुसतं विचारून, पाहून आणि हात लावून कुठला ताप आहे हे ओळखता येईल का, याचा ते शोध घेत होते. माझं काम पाड्यापाड्यानं जाऊन आजाऱ्याची हकिगत लिहायची आणि पुढं काय निघालं तेही नोंदवायचं.

पहिल्याच फेरीत त्यांनी माझा एक कागद फाडला होता. मी लिहिलं होतं, "ताप संध्याकाळी सहा वाजता येतो."

"सहा असं ती बाई म्हणाली?"

"नाही सर. ती म्हणाली, गुरं परततात तेव्हा."

"मग तेच लिहा. ती काय म्हणाली ते तुमचं काम. त्याचा अर्थ काय ते माझं."

तेव्हापासून मी शब्दाला शब्द लिहीत आले. कुणी काय म्हणालं, घरात कोण कोण आहे, कोण खोकतं, पाणी कुठून आणतात. हा कामातला चोखपणा माझा अभिमान होता. दुसरा अभिमान वाटावा असं माझ्याकडे तेव्हा फारसं नव्हतंही.

यंत्राबरोबर एक इंजिनिअर बाई आली. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान, केस कापलेले, बोलणं स्पष्ट. मुंबईच्या एका संस्थेनं तिला पाठवलं होतं आणि आमच्या ट्रस्टनं परस्पर होकार दिला होता. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, की या कामाला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात. जाणकार डॉक्टर कसा विचार करतो ते नियमांत बांधायचं आणि ते नियम यंत्रात घालायचे. मग जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं नर्सनं यंत्राला लक्षणं सांगायची, यंत्र आणखी प्रश्न विचारणार आणि शेवटी ताप कुठला ते सांगणार.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नकली अक्कल."

ते नाव आमच्याकडे चिकटलं. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ आत जाऊ नये म्हणून. सर म्हणाले, मी चपला देवळात काढतो आणि जेवायला बसताना काढतो. ते त्या खोलीत एकदाही गेले नाहीत.

महिन्याभरात ट्रस्टनं शहरातल्या डॉक्टरांना बोलावून यंत्र दाखवायचा कार्यक्रम ठेवला. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, पडदा लांबूनही दिसावा म्हणून यंत्र दारात आणलं. इंजिनिअर बाईनं एका आजाऱ्याची लक्षणं घातली. हिरव्या अक्षरांत प्रश्न उमटू लागले. दुसऱ्या रांगेतून एक डॉक्टर ओरडले, "हे बाळंतपण करतं का हो?" सगळे हसले. मग कुणी विचारलं, चुकलं तर कोर्टात कोण उभं राहणार, हे का? एकांनी शांतपणे सांगितलं, की पंचवीस वर्षं पोट दाबून दाबून जे कळलं ते मी फुकट कुणाच्या डब्यात का भरून देऊ? इंजिनिअर बाई प्रत्येकाला उत्तर देत होती, पण उत्तर कुणाला हवंच नव्हतं. सर शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी चहाचे कप देत होते आणि तिचा आवाज चढत गेला तसा मला आनंद होत होता. दुष्ट आनंद. चहा संपायच्या आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

तिचं खरं काम मात्र सरांकडूनच नियम काढून घेण्याचं होतं. ती रोज सकाळी वही घेऊन त्यांच्यासमोर बसे.

"सर, काल त्या माणसाला तुम्ही पोटाला हात न लावताच विषमज्वर म्हणालात. कशावरून?"

"जीभ."

"जिभेत काय?"

"ती बघायची असते."

"बघून काय दिसलं?"

"तुम्ही माझी मुलाखत घेताय की उलटतपासणी?"

आठवडाभर हेच चाललं. मग एके दिवशी सरांनी मला बोलावलं आणि तिच्यादेखत म्हणाले, "हिला काय पाहिजे ते तुम्ही सांगा. मला वेळ नाही."

अशी मी तिच्या पुढ्यात बसले. सुरुवातीला तोडून उत्तरं द्यायची. ती विचारायची, ताप किती वाजता? मी म्हणायची, घड्याळ नाही त्यांच्याकडे. ती म्हणायची, यंत्राला आकडा लागतो. मी म्हणायची, मग यंत्राला पेठला पाठवा. पण ती चिवट होती. तिनं व्हरांड्यातली माझी कपाटं उघडली आणि केसपेपर वाचायला लागली. सगळे. आमच्याकडे ते असे ओळीनं कुणीच वाचले नव्हते, सरांनीही नाही. "गुरं परततात तेव्हा" हे तिनं जसंच्या तसं एका कार्डावर लिहून घेतलं आणि त्याखाली कुठल्या ऋतूत गुरं कधी परततात ते मला विचारलं. नियम वाढत गेले. ताप तीन आठवड्यांवर आणि मूल चिडचिडं आणि घरात कुणी खोकणारं, तर आधी क्षय धरा. हा नियम शब्दशः माझा. असे कितीतरी. सरांबरोबर डोंगर चढताना, गाडीची वाट बघताना ऐकलेलं, आणि पुढं माझं मीच ताडून पाहिलेलं, सगळं तिनं काढून घेतलं.

मला ते आवडायला लागलं होतं का? थोडं लागलं असावं. म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

एका दुपारी ती सरांचे छापून आलेले शोधनिबंध घेऊन आली. म्हणाली, "ताई, यात तुमचं नाव कुठं आहे?"

मी म्हटलं, "माझं कशाला असेल?"

"हकिगती तुमच्या. पाठपुरावा तुमचा. तक्तेही तुम्हीच केलेत ना? शेवटी आभारांत 'कर्मचारी वर्ग' एवढंच आहे."

दहा वर्षांत मी ते निबंध स्वतः टाईप करून पोस्टात टाकले होते आणि हा प्रश्न मनाला शिवू दिला नव्हता. राग यायला हवा होता सरांचा. मला राग आला तिचा. आडनाव न विचारता नोकरी देणाऱ्या माणसाकडे ती बोट दाखवत होती आणि ते बोट खरं होतं. मी म्हणाले, "तुम्ही तुमच्या डब्यापुरतं बघा. आणि मला ताई म्हणू नका."

त्यानंतर चाचणी आली. ठरलं असं, की जुने काही केसपेपर निवडायचे, ज्यांचं पुढं नक्की काय निघालं ते माहीत आहे. त्यांतली लक्षणं कोऱ्या फॉर्मवर उतरवायची, गावाचं आणि आजाऱ्याचं नाव न घालता. तोच फॉर्म सरांना, तोच शहरातल्या दोन नावाजलेल्या डॉक्टरांना आणि तोच यंत्राला. बघू कोणाचं किती बरोबर येतं. फॉर्म उतरवायचं काम साहजिकच माझं.

पहिले फॉर्म मी नीट भरले. मग एका केसपेपरवर थांबले. सहा वर्षांची मुलगी, ताप तीन आठवड्यांच्या वर, उलट्या, चिडचिड, जिभेवर पांढरा थर, पोट बिघडलेलं. खाली माझ्याच अक्षरात, "चुलता घरातच निजतो, वरीसभर खोकतो हाय." यंत्रातला नियम माझाच असल्यानं मला पक्कं माहीत होतं, की ही एक ओळ नसेल तर यंत्र आंधळं होणार. आणि सर? सर तर सर होते. ते बाकीच्या लक्षणांवरून ओळखतीलच.

मी ती ओळ गाळली. पुढच्या फॉर्मवर दुसऱ्या नियमाची ओळ गाळली. असे सात कागद केले आणि बाकीचे इमानदारीनं भरले, म्हणजे संशय येऊ नये. डबा खाऊन, हात धुऊन, गठ्ठे बांधून पाठवून दिले.

निकालाच्या दिवशी कॉम्प्युटरचा प्रिंटर करकरत कागद ओकत होता आणि इंजिनिअर बाई उभ्याउभ्याच वाचत होती. इंग्रजीतच यायचं सगळं. बऱ्याच ठिकाणी त्याचं आणि डॉक्टरांचं उत्तर जुळत होतं. तिच्या मागून वाचत माझ्या सात कागदांशी मी आले तेव्हा मला वाटलं होतं, भलतंसलतं काहीतरी छापलेलं असेल. तसं नव्हतं. सातही ठिकाणी एकच वाक्य होतं, माहिती अपुरी आहे. त्याखाली प्रश्न. त्या मुलीच्या कागदाखाली त्यानं विचारलं होतं, घरात कोणी दीर्घकाळ खोकत आहे का?

डॉक्टरांनी असं काही विचारलं नव्हतं. जागा होती फॉर्मवर, "शेरा" म्हणून. तिघांनीही ती कोरी सोडली होती आणि निदानाच्या रकान्यात ठाम अक्षरात उत्तरं लिहिली होती. सातांतली बहुतेक चुकलेली. त्या मुलीपुढं सरांनी लिहिलं होतं, विषमज्वर. खाली रेघ मारून.

दुपारी सरांनी मला आत बोलावलं. समोर सगळे कागद पसरलेले होते.

"ही मुलगी कोण?"

"पेठच्या पलीकडची, सर. तुम्हीच तिला नाशिकला आणलंत. मेंदूचा क्षय निघाला. वाचली, पण एक पाय ओढत चालते."

"मीच ओळखलं होतं?"

"हो."

"मग आता विषमज्वर कसं लिहिलं मी?"

त्यांनी किल्ल्या मागितल्या. स्वतः व्हरांड्यात गेले, प्लास्टिक बाजूला केलं, मूळ केसपेपर काढून उभ्यानंच वाचला. परत येऊन बसले.

"चुलता खोकतो. इथं आहे, फॉर्मवर नाही."

"राहिलं."

"एवढ्यावरच?"

"सात ठिकाणी."

ते ओरडतील, काढून टाकतील, अशी माझी तयारी होती. ते ओरडले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पेशंट समोर बसलाय आणि डॉक्टर म्हणतो माहिती अपुरी, चालेल? उत्तर न देणं ही चूकच धरायची. अहवालात तसं लिहा."

"आणि आपली उत्तरं, सर?"

"आपल्याला कागद अपुरे मिळाले. ते सात आपल्या हिशेबातून वगळा."

"पण यंत्रालाही तेच कागद..."

"वगळा म्हटलं ना."

त्या क्षणी मी सुटले होते, आणि तरी मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. दहा वर्षं मी ज्यांना मानत होते ते सर डोळ्यांदेखत माझ्या पातळीला उतरले होते. त्यांनी मला विचारलंही नाही की असं का केलंत. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अहवाल मीच टाईप केला. इंजिनिअर बाईनं मूळ केसपेपर पुन्हा बघायला मागितले. सरांनी निरोप दिला, रुग्णांची माहिती गुप्त असते. सहा महिने तिच्यासाठी ती कपाटं उघडी होती. ती व्हरांड्यात माझ्या टेबलाशी आली.

"घरात कुणी खोकतं का, हा प्रश्न तुम्ही कधीच सोडत नाही. मी सगळे केसपेपर वाचलेत. एकावरही ती जागा कोरी नाही. मग या फॉर्मवर कशी?"

"मला काय विचारता? तुमच्या यंत्राला विचारा."

"त्यानंच विचारलंय," ती म्हणाली. "उत्तर तुमच्याकडं आहे."

मी कार्बन लावून दुसरा कागद टाईपरायटरमध्ये चढवला. ती निघून गेली. अहवाल मुंबईला गेल्यावर यंत्र परत जीपमध्ये चढवायला ट्रस्टचे दोन शिपाई आले होते, मी बाहेर आले नाही. शहरातल्या डॉक्टरांत महिनाभर तो विषय चालला. नकली अक्कल नापास झाली, असं लोक आनंदानं एकमेकांना सांगत. पंचवटीत भाजी घेताना एक डॉक्टर भेटले, तेही म्हणाले, "वाचलो हो आपण!"

सरांचा पुढचा निबंध छापून आला तेव्हा त्यात माझं नाव होतं. सरांच्या नावाखाली, पूर्ण नाव, पदवीसकट. सरांनी अंक फक्त माझ्या टेबलावर ठेवला. वडिलांनी तो कॉलनीत चार घरी फिरवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नाव कुठल्या ओळीत आहे ते बोटानं दाखवता येत होतं. शेजारच्यांनी पेढे मागितले. मी आणले. त्या नावाची किंमत मला माहीत होती आणि वडिलांपुढं ती बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

वर्षभरानं मी इंजिनिअर बाईला पत्र लिहिलं. सात कागद कोणते, कुठली ओळ गाळली, सगळं. क्षमाही मागितली. तिचं उत्तर आलं ते एका बँकेच्या लिफाफ्यातून. तिनं तिथं नोकरी धरली होती. लिहिलं होतं, तुम्हीच केलं हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या संस्थेनं तुमच्या अहवालावर ते काम बंद केलं. तुम्हाला सांगायचंच होतं तर अहवालात सांगायचं होतंत. कृपया पुन्हा लिहू नका.

मला अपमान वाटला, राग आला. पत्र लिहिण्याचं धाडस केलं त्याची हिला काही किंमत नाही, असं दोन दिवस घोकत होते. तिसऱ्या दिवशी सातही मूळ केसपेपरांची नक्कल केली, वर एक पानाचा खुलासा लिहिला आणि सरांकडे सहीला नेला. सर तेव्हा निवृत्तीच्या तोंडावर होते. त्यांनी वाचला, परत माझ्या हातात दिला.

"आता कोण वाचणार हे? आणि तुमचं नाव आत्ता कुठं यायला लागलंय."

"तुमची सही नको असेल तर माझ्या एकटीच्या सहीनं देते."

"द्या," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली बघून लिहू लागले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी तो कागद ट्रस्टच्या कचेरीत दिला. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही, यंत्र काही परत आलं नाही. मी आणखी दोन वर्षं पेठच्या गाडीनं जात राहिले, मग केंद्रच बंद झालं.

यंत्राविषयी माझं मत बदललं असं कुणी समजू नये. तापलेल्या पोरीच्या घरात शिरून, चुलीपाशी बसून, तिच्या आईचा विश्वास बसेपर्यंत थांबून मग खोकल्याचं विचारायचं असतं, आणि ते त्या डब्याला कधी जमलं नसतं. अजूनही मला त्याचा तिटकारा आहे. पण खोलीत बसून, समोर आलेल्या कागदावर त्या चौघांपैकी एकानंच म्हटलं की इथं काहीतरी कमी आहे. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे, आणि ते मला खोडता येत नाही.